बावन्न फूट

उद्यमनगरात जेवणाची सुट्टी झाली
की इलाहीचाचा लेथ बंद करून
डब्याच्या आधी ते काढायचे:
अडीच सीसीचं इंजिन, मुठीत मावणारं,
स्वतः कातलेलं.
पिस्टन असा नेमका
की सिलिंडर उभा धरला तरी
आपल्या वजनानं खाली यायचा नाही.
"ऊस गाळायचं इंजिन कुणीबी करंल," म्हणायचे,
"ह्येला डोळा लागतोय."

इंधन घरच्या घरी. रॉकेल, एरंडेल, ईथर.
ईथर द्यायचा गंगावेशीतला एक कंपाउंडर,
दोन चहा आणि खारीच्या बदल्यात.
मी परतलो की आई शर्ट हुंगायची:
"कुणाला अ‍ॅडमिट केलंय रे?"

बाल्सा परवडायचा नाही.
आमचं विमान पांगाऱ्याचं,
पंखांवर पतंगाचा तांबडा कागद,
वर डोपचे तीन हात.

माझं काम, धरायचं.
तपोवनाच्या मैदानावर, सकाळी सहाला.
तालमीतली पोरं अंगाची माती न धुताच बघायला उभी.
मी गुडघ्यावर. चाचा बोटानं पंखा मारायचे,
एकदा, दोनदा, सातदा,
बोट फुटायचं, मग इंजिन.
लिंबावरचे कावळे त्या दिवसापुरतं गाव सोडायचे.

चाचा चालत जायचे मधोमध, बावन्न फूट,
लाकडी मूठ उचलायचे.
मुठीपासून विमानापर्यंत दोन तारा,
दिसायच्या नाहीत,
ऊन तिरकं झालं तरच, तेही क्षणभर.
त्यांनी मान हलवली की मी सोडायचं.

माझं उड्डाण तेवढंच. सोडणं.

एकदा मूठ माझ्या हातात दिली.
पहिल्या फेरीत सगळं जागेवर होतं.
दुसऱ्या फेरीत जोतिबाचा डोंगर दोनदा आला.
चौथ्या फेरीत मैदान, पोरं, कुणाची तरी सायकल
एकाच रंगाची झाली,
आणि मनगट कुठल्या बाजूला वळलं
ते मला आजही सांगता येणार नाही.
मी ओकत होतो. चाचांनी आधी इंजिन उचललं,
फुंकर मारून माती काढली,
धोतराच्या फडक्यात गुंडाळलं,
मग मला.
"इंजिन शाबूत हाय. पंख काय, आयतवारपतुर हुतील."

मी एलआयसीत चिकटलो. सांगली, कराड, परत कोल्हापूर.
लेथच्या जागी आता पुतण्याचं सीएनसी,
काचेआडून काम करतं, कुणाचं बोट फुटत नाही.
चाचा एक्क्याऐंशीचे.
फाउंड्रीनं दोन्ही कान नेले,
आणि डॉक्टरांनी गोल फिरायला बंदी घातलीय,
चक्कर येते म्हणून.

परवा त्यांचा निरोप: आयतवारी, सहाला, तपोवन.

गेलो. चाचा मैदानाच्या मधोमध
एका स्टुलावर बसलेले.
स्टुलाखाली ट्रकच्या चाकाचं बेरिंग,
घासून, पुसून, ग्रीस भरून.
"मी कुटं फिरतोय?" म्हणाले. "स्टूल फिरतंय."

मी गुडघ्यावर बसलो. गुडघा वाजला.
पंखा यावेळी मीच मारला, नवव्यांदा लागला.
चाचांना ऐकू येणार नाही, मी हातवारे करू लागलो,
तर त्यांनी मान हलवली होती आधीच.
नंतर म्हणाले, तारंतनं कळतंय की,
इंजिन घोरतंय का बोलतंय.

सोडलं.

विमान वर गेलं, तारा ताणल्या,
आणि एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस
पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवून
हळूहळू फिरू लागला,
विमान नेईल तसा.
दोन पोरं क्रिकेट थांबवून मोबाइल काढून उभी.
मी मोजत होतो फेऱ्या. अठराला थांबलो,
टाकीत किती ओतलं होतं ते मलाच माहीत होतं.

इंजिन बंद पडलं.
विमान अर्धी फेरी तसंच तरंगलं,
गवतावर उतरलं, एकदा उडी मारली, कलंडलं.
तारा सैल.

स्टूल मात्र अजून फिरत होतं.
मूठ वर धरलेली, डोळे मिटलेले.
मी बावन्न फुटांवर उभा राहिलो,
जवळ गेलो नाही.

थांबल्यावर म्हणाले,
"बेरिंग ब्येस बसलंय."