बर्फ राखणारा

तळमजल्यावर, फूड कोर्टाच्या मधोमध,
पन्नास पावलं लांब, तीस रुंद असा बर्फ आहे.
तो मी राखतो. चौदा वर्षं झाली.
आभाळातून पडणारा कधी पाहिला नाही,
सेबूत कोण पाहणार?
पण बर्फाला कणकण आली की
माझ्या तळपायाला आधी कळतं.

रात्री दहाला शटरं पडतात.
तिसऱ्या मजल्यावरचं चॅपल, पासपोर्टवाल्यांच्या खुर्च्या,
वीजबिलाच्या रांगेचे निळे पट्टे, सगळं निजतं.
मी यंत्रावर बसून गोल गोल फिरतो,
दिवसाचे ओरखडे खरवडतो, वर कढत पाणी सोडतो.
गार पाण्याने बर्फ नीट बसत नाही.
हे एकदा बायकोला सांगितलं तर म्हणाली,
माणसांचंही तसंच असतं, क्रिसांतो.
मी म्हटलं, नसतं.

भुगा मागे, मालाच्या दाराशी ओततो.
वस्तीतली पोरं टपलेलीच असतात,
मुठी भरतात, एकमेकांच्या सदऱ्यात घालतात,
आणि घरी दाखवायला नेतात
ओला हात.

मग ते वादळ आलं.
दारावरची दिओनेसिया, जी रोज काठीने
पिशव्यांची पोटं चाचपते,
तिने काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, या.
लोक आले. कोंबडे घेऊन आले, गाद्या घेऊन,
पत्रे उडालेल्या घरांची कुलुपं खिशात घेऊन.
बंद सरकत्या जिन्यावर पायरीपायरीला एकेक कुटुंब.
बुटांच्या दुकानासमोर अनवाणी माणसं झोपली.
प्रत्येक खांबाशी तारांचं जाळं,
चाळीस फोन एका बोर्डाला लुचलेले.
पार्किंगचं यंत्र तेवढं अंधारात
आपलं सांगत राहिलं: धन्यवाद, पुन्हा या.

दुसऱ्या दिवशी सर टिओफिलो खाली आले.
डिझेल दोन दिवसांचं, म्हणाले.
औषधांच्या दुकानातला फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप
आणि तुझं हे.
बर्फाला त्यांनी नावानं म्हटलं नाही.
बटण माझ्या हाताने बंद केलं.
दुसऱ्याला करू दिलं नसतं.

बर्फ लगेच मरत नाही.
आधी चमकतो, मग घामेजतो, मग धूसर होतो.
किनाऱ्यावरचे कोळी कठड्याशी बसून बघत होते.
त्यांच्यातला म्हातारा एपिफान्यो म्हणाला,
आम्ही लादी लादी विकत घेतो रे,
आणि तुम्ही जमीन केलीय त्याची!
तो हसला. मला राग आला.
मग मीच पहार आणून दिली.

बादल्या भरल्या. टोपात, शिरस्त्राणात, बाळाच्या टबात.
कुणाच्या तापल्या कपाळावर गेला,
कुणाच्या इन्शुलिनच्या डब्यात,
आणि वादळाआधी धरलेल्या, वासाला लागलेल्या
चार टोपल्या माशांवर.
चौदा वर्षांत त्यावर फक्त घसरणं झालं होतं.

तळाला उरला पांढरा रंग, घोटाभर पाणी,
अकरा केसांच्या पिना, एक कर्णफूल,
आणि एक दुधाचा दात.
दात हरवल्या-सापडल्याच्या खिडकीत दिला.
तिथल्या पोरीने नोंदही केली: दात, नग एक.

वीज एकविसाव्या दिवशी आली.
बर्फ पुन्हा घालायचा म्हणजे
एका रात्रीत होत नाही,
कागदाएवढा थर, थांबा, पुन्हा थर.
पाचव्या थरात मला एक खवला दिसला, नखाएवढा,
कुठल्या तरी टोपलीतून सांडलेला.
काढायला हवा होता. नियम तसाच आहे.
मी फवारा त्याच्यावरून फिरवला.

आता शनिवारी जांभळ्या मोज्यांतली एक मुलगी येते,
एका पायावर गिरक्या घेते, नेमकी तिथेच.
पडली की उताणी होऊन वर छताकडे बघते.
खाली बघ, असं सांगावंसं वाटतं.
सांगत नाही. बारापर्यंतच वेळ असतो तिचा,
तासाचे पैसे भरलेले असतात.