काखेत कळसा

वल्लरी, तू विचारलंस,
ठरवून केलेलं दुसरं सिझर कसं असतं.
ठरवून म्हणजे तारीख आधी येते, कळा येतच नाहीत.
आईने फोनवर पंचांग उघडलं,
म्हणाली, गुरुवारी दुपारपर्यंत अमावास्या आहे, शुक्रवार घे.
म्हटलं, आई, डंडीत मुहूर्त
सर्जनच्या यादीत असतो.
गुरुवार. नंबर दुसरा.

मध्यरात्रीपासून उपास. पहाटे एक गोळी, घोटभर पाण्याबरोबर.
शाल्मलीला झोपेतच शेजारच्या मॉरागकडे पोचवलं.
टे नदी दिसत नव्हती, नुसते पुलाचे दिवे.
निनादने तीनदा विचारलं, पिशवी घेतली ना.

पहिल्या वेळी मला पळवत नेलं होतं.
छतावरचे दिवे मागे मागे पळत होते,
सही मी कुठे केली, आजही आठवत नाही.
या वेळी मी चालत गेले.
हिरवे घट्ट मोजे, मागून उघडा गाऊन
एका हाताने मुठीत धरलेला.
हसू नकोस.
त्या वीस पावलांत मागचं काहीतरी फिटलं.

पाठीत सुई देताना एलीने माझे खांदे धरले,
म्हणाली, मांजरासारखी पाठ कर.
एवढ्या पोटाचं मांजर!
मग पायांत ऊब, मग पाय दुसऱ्याच कोणाचे.
फवारा मारून विचारतात, गार लागतंय?
ओलं लागतंय, गार नाही,
असं झालं की सुरू.

दुखत नाही. पण कळतं.
ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं लुगडं
कोणी घाईने शोधावं, वरच्या घड्या न मोडता,
तसं.
जुन्या व्रणापाशी हात जरा थबकले.
चिकटलंय, कोणीतरी हळू म्हणालं.
मी छतावरचा एक डाग पाठ केला.
दात वाजतात, अंग थरथरतं, घाबरू नकोस, ते औषधाचं.
आणि पडदा खाली आला तेव्हा
लोणी माखलेला, भयंकर चिडलेला
एक मुलगा.

अकरा वाजून दहा मिनिटं.
आईला मी दुपारी तीन सांगितलंय.

टाके घालणं चालू असतानाच छातीवर ठेवला.
दूध? दूध नसतं गं तेव्हा. चीक असतो,
थेंब थेंब, मधाच्या रंगाचा.
सदतिसाव्या आठवड्यापासून एलीच्या सांगण्यावरून
बोटांनी काढून बारीक सिरिंजांत साठवत होते,
फ्रीझरमध्ये, मटार आणि खवलेल्या नारळाच्या मधे,
अकरा सिरिंजा, प्रत्येकीवर तारीख.
निनाद म्हणाला, याचा खरवस होईल का?
आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी.

पोटावर टाके, मांडीवर घेता येईना.
एलीने उशी लावली, त्याला काखेखाली सरकवलं,
पाय माझ्या पाठीकडे, तोंड छातीशी.
मला एकदम म्हण आठवली आणि हसताना टाके दुखले.
शाल्मलीच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही.
किती गावांना वळसे घातले मी,
पंप, शतावरी, रात्री बाथरूममध्ये
नळ सोडून रडणं.

पहिल्यांदा उभी राहशील तेव्हा वाटेल
पोट जमिनीवर सांडणार.
सांडत नाही.
खोकताना उशी दाबून धर. खांदा दुखेल, तो वायू असतो.
रोज पोटात इंजेक्शन, दहा दिवस;
मी स्वतः टोचून घेतलं, निनादला घेरी येते.

तिसरी रात्र वाईट.
तो सोडत नाही, वजन उतरलेलं,
आणि मनात तोच जुना आवाज, तुला जमणार नाही.
त्या रात्री बाटली दिलीस तरी
तू आईच आहेस, हे मला कोणी म्हणायला हवं होतं,
म्हणून मी तुला म्हणतेय.
रविवारी पहाटे छाती दगडासारखी झाली
आणि अंधारात पहिल्यांदा
गिळण्याचा आवाज आला.

शाल्मलीने पट्टी पाहिली. याच दारातून आला?
हो.
मी पण?
तू पण. तुझ्या वेळी सगळ्यांना फार घाई होती.

चहा-टोस्ट मिळेल, लोणी खरं असतं.
डिंकाचे लाडू मी पाठवते.
उशी मात्र घरची ने.