ळ

मंगळवारी आणि शुक्रवारी, लाईट असो नसो,
समाजमंदिरात आमचा वर्ग भरतो.
मी वायरमन. लाईट गेली की बाया मलाच शिव्या देतात
आणि मग त्याच कंदील लावतात.

नवसाक्षरांच्या पुस्तिका आल्या अकरा,
बाया एकोणतीस.
म्हणून मी घरून माझा कवितासंग्रह आणला.
'काळोखतळ'. पाने चौसष्ट.
सणाची उचल घेऊन अकोल्याला छापलेल्या पाचशे प्रती,
त्यातल्या चारशे बारा पलंगाखाली,
काहींचे कोपरे उंदरांनी वाचलेले.
एका मासिकात दोन ओळी आल्या होत्या.
दुसरी ओळ: भाषा नितळ आहे.
ते कात्रण खिशात घालून मी खांबावर चढायचो,
वर्षभर.

फळ्यावर ळ काढला.
ळ बाळातला, ळ फळातला.
"यानं सुरू व्हनारा शबुद सांगा ना, गुरजी,"
कवतिकाबाई. साठी उलटलेली,
हातावर पराटीच्या काड्यांचे ओरखडे.
नाही, म्हटलं. एकही नाही.
"असं कसं? मंग हे राह्यते कुठी?"
मधे राहतं. कधी शेवटी.
"अन् आपल्या गावात?"

मी तोंड उघडलं, तोवर
पंचफुला, द्वारका, मागची ती नवी सून,
सगळ्या आपापल्या तोंडात शोधायला लागल्या होत्या:
डोया. कपाय. सकाय. आभाय. शाया.
कुणाच्याच तोंडात सापडेना.
"आपल्या इथं कोनीच नाई बोलत, बाप्पा.
पावन्याचं अक्षर हाये हे."
द्वारकानं पदर तोंडाशी नेला.

पाहुणा असला तरी पाट द्यावाच लागतो.
गिरवला त्यांनी, दोन आठवडे.
कुणाचा चष्म्यासारखा,
कुणाचा गाठ सुटलेल्या दाव्यासारखा.

मग एका शुक्रवारी कवतिकाबाईनं
पान सतरा उघडून बोट ठेवलं.
माझ्या आईवरची कविता.
छापलेलं होतं:
सकाळच्या ओंजळीत तुझे डोळे.
तिनं वाचलं, एकेक अक्षर तोलून:
सकायच्या... ओंजयीत... तुहे डोये.

मी खडू उचलला होता.

आई दारातून हाक मारायची, सकाय झाली रे.
ही ओळ पहिल्यांदा बिलाच्या पाठीवर
पेन्सिलीनं लिहिली, तेव्हा तीत डोयेच होते.
अकोल्याला जाण्याआधी एका रात्रीत बसून
मी सगळं गाव फडक्यातून गाळून घेतलं.
म्हणून ती नितळ.
फडक्यात उरलं त्याचं काय केलं
आठवत नाही.

"बराबर हाये का?" तिनं विचारलं.
पुढे वाचा, म्हटलं.

मार्चमधे परीक्षा झाली.
तालुक्याहून आलेल्या सरांनी तिच्या 'शाया'वर
लाल रेघ मारली. एक मार्क गेला.
पास झाली ती, पण त्या एका मार्कासाठी
तीन दिवस कुणाशी बोलली नाही.
माझ्याशीही.

चौथ्या दिवशी फाट्यावर फ्यूज बांधायला चढलो.
वरून एस.टी.चा बोर्ड दिसतो.
पिंपळखुटा, पिवळ्यावर काळं.
ळ वर चुना फासलेला, चुन्यावर कोळशानं य,
त्याची काडी जरा जास्तच लांब,
हात उचलायला उशीर होणाऱ्या माणसाची असते तशी.

खाली डेपोची जीप थांबली.
"कोणी केलं हे? तुम्हीच शिकवता ना इथे?
अक्षर ओळखाल."

पक्कड दातात होती. काढली.
"मले नाई मालूम, साहेब," म्हटलं,
"अन् इथून त काईच दिसत नाई."