तर्फे

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी
अजनीच्या रेल्वे मैदानावर
शेषराव गजभिये युरोपचा सत्कार करायचे.

दिवसभर तापलेल्या सिमेंटवर आम्ही बादल्या ओतायचो.
वाफ निघायची, मग अर्ध्या तासानं चवड्यांना सहन होईल एवढं निवायचं कोर्ट.
टेबल यायचं पार्सल ऑफिसातून. एक पाय आखूड.
नारळ नाही, ते मानत नसत.
बारा गुलाब, ऊन लागलेले,
आणि शाल एकच.

शेषराव पार्सलचे कारकून, संध्याकाळचे आमचे स्कोअरर.
परदेशी यंत्रांच्या खोक्यांत कोंबलेले चुरगळलेले पेपर
ते मांडीवर इस्त्री केल्यासारखे हातानं सरळ करत.
भाषा कळायची नाही. कोणती भाषा, तेही नाही.
पण खालच्या कोपऱ्यात आकड्यांचा रकाना दिसला
की चष्मा पुसत.
"हा पाह्य. चाळीस मिनिटं खेळला, स्वतःचे दोन गुण, पास अकरा.
हा मानूस लोकाइच्या पानात वाढनारा हाय.
आन् ह्यो? पाच फाऊल, तेही शेवटच्या मिनिटात.
कोनासाठी तरी मार खाल्ला बाप्पा ह्यानं."

अशी बारा माणसं त्यांनी बारा वर्षांत निवडली,
बेलग्रेडचा एक, माद्रिदचे दोन, एक कुठल्याशा बर्फाळ बंदराचा,
आणि स्टोअररूमच्या भिंतीवर
मोमिनपुऱ्याच्या हलीमभाईंकडून ऑइलपेंटमध्ये लिहून घेतली.
उच्चार सगळे अंदाजाचे.
ते इथे लिहीत नाही मी,
त्या माणसांनाही ओळखू येणार नाहीत.

मग पुकारा व्हायचा. एकेक नाव, एकेक शहर.
आणि प्रत्येक नावानंतर, खालच्या पट्टीत:
"ते येऊ शकले नाहीत. त्यांच्या तर्फे..."

त्यांच्या तर्फे प्रवीण ढोके, जो वर्षभर पंप मारायचा.
त्यांच्या तर्फे सलामेची मंदा, जिची जाळी विणायची सुई कधी हरवली नाही.
त्यांच्या तर्फे तो बुटका, नाव विसरले,
जो हरल्यावर समोरच्या टीमला पाणी द्यायचा.
शाल पांघरायची, गुलाब घ्यायचा, शाल परत द्यायची.
शेवटच्यानं शाल ठेवायची.

त्या साली शेवटची मी.
अकरा वर्षांची, चार फूट दोन इंच,
सात फूट तीन इंचांच्या सेंटरच्या तर्फे.
लोक हसले. शेषराव हसले नाहीत.
शाल माझ्या पायांखाली लोळत होती,
त्यांनी वाकून तिची टोकं उचलली
आणि माझ्या हातात दिली, जशी एखाद्याची अमानत.
"नीट उभी राय. तो पाहून नाही राह्यला, म्हनून का झालं."

नंतर मी विद्यापीठाकडून खेळले, गुडघा गेला,
महालेखाकार कार्यालयात लागले.
उंची पाच फूट एकवर थांबली.
पण बसमध्ये, ऑडिटच्या फायलींपुढे, लेबर रूममध्येसुद्धा
कधी कधी मी पाठ ताठ केली आहे
त्या अनोळखी माणसाच्या तर्फे.

भिंत पडली. नवं कोर्ट झालं, निळं, तळवे न भाजणारं.
गेल्या मे महिन्यात आम्ही नऊजण
शेषरावांच्या घरी गेलो, इंदोऱ्याला.
कूलरचा आवाज, त्यात मोठ्यानं बोलावं लागत होतं.
मंदानं कागदावरून वाचलं: एकेचाळीस वर्षं, इतके सामने,
एकाही शीटवर खाडाखोड नाही.
मी शाल काढली. तीच. कडा उसवलेली.

त्यांनी ती खांद्यावर येऊ दिली नाही,
हातानं मध्येच अडवली.
बराच वेळ पोत चाचपत राहिले.
"कोनाच्या तर्फे घेऊ?"

आम्ही नऊजण. एकालाही बोलता येईना.
कूलरमधलं पाणी संपलं होतं बहुतेक,
पंपाचा आवाज बदलला,
आणि त्यांची नात बादली घ्यायला उठली.