बाहेर, वारा

हिलाल सरांनी फळ्यावर लिहिलं :
सोअर, म्हणजे उंच उडणे.
आम्ही वहीत उतरवलं, खाली रेघ मारली.
बाहेर नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर
एक घार पंख न हलवता वर वर चालली होती,
तिला कुणी स्पेलिंग विचारलं नाही.

परवा जाड कोशात पाहिलं.
शब्द आधी फ्रेंचांकडे होता, त्याआधी लॅटिनात :
बाहेर, आणि वारा. एवढंच.
वाऱ्यावर टाकणे. वाळत घालणे.
फ्रेंच लोक अजून त्याच क्रियापदानं
ओले कपडे पिळतात.

तेव्हा आठवली आई.
देठं खुडून पेटलेल्या हातांनी
लुगडं पिळायची,
पिळाचं ते जड वेटोळं
झटकून बाभळीच्या कुपावर फेकायची.
अर्ध्या तासात त्यात वारा शिरायचा,
काट्यांतून एकेक टोक सुटायचं
आणि ती पथारीवरून ओरडायची :
"धर व, लुगडं उडी चालनं!"

मी धावायचे.
एक कोपरा मुठीत,
बाकी सगळं वर.

सहामाहीत मी स्पेलिंग चुकवलं.
सरांनी लाल शाईनं शेजारी लिहिलं :
हे झालं दुखऱ्याचं,
उडण्याचं नव्हे.