घसारा

श्रीशैल, लॅपटॉप इकडे फिरव.
मुलाला फोन नंतर लाव, गाडी माझी आहे.

या वयाला झिरो डेप मिळत नाही, मॅडम,
म्हणतोस, आणि दचकून: गाडीच्या, गाडीच्या वयाला.
हस की. मी हसलेच आहे.

थर्ड पार्टी पुरे, हे त्याचं मत.
पण परवा आसरा चौकात रिक्षाने आरसा नेला,
आणि डावा दरवाजा मीच घासलाय
आमच्याच फाटकाला, तिन्हीसांजेला,
समोरच्या हेडलाइटनं डोळ्यांत पांढरं ओतलं तेव्हा.
हे त्याला ठाऊक नाही. तूही बोलू नकोस.

स्वतःच्या गाडीचं नुकसान धर.
रस्त्यावरची मदत धर; मे महिन्यात
होटगी रोडला बॅटरी बसली तर ढकलणार कोण?
इंजिनात पाणी शिरण्याचं मात्र राहू दे,
इथे नळालाच चार दिवसांनी येतं.

आणि शेजारची सीट. तिचाही विमा कर.
किती वाढतील? वाढू देत.
सोमवार-गुरुवार तिथे अंबुबाई चिलवेरी असते, डायलिसिसला,
विड्या वळून वाकलेली बोटं डॅशबोर्डवर टेकून.
मी ब्रेक दाबायच्या आधी
तिचा पाय दाबतो.