धुराची झडप

कायानीत नोव्हेंबर. तीन वाजताच दिवस आटोपतो.
शेडमध्ये मी, घासायचं दगडी चाक, आणि तुझी पिशवी.
पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला
ताउनोचा कॅमशाफ्ट.

ओळखला. न ओळखायला काय झालं?
मीच घासलाय तो, एकोणनव्वदच्या थंडीत.
आठही लोबवर माझा हात आहे,
आणि शेवटच्यावर माझी एक चूक,
जी तुझ्या बापाला कधी सापडली नाही.
किंवा सापडली, आणि तो बोलला नाही.

हाच घाला म्हणतोस. नव्या इंजिनात. टर्बोवर.

बस, आल्पो. कॉफी घे.
त्या स्टुलाचा एक पाय लुळा आहे, जपून.

त्याचं इंजिन स्वतःच्या छातीवर जगायचं.
हवा कुणी आणून देत नव्हतं, ओढून घ्यावी लागायची.
म्हणून मी दारं लवकर उघडली, उशिरा मिटली,
तीनशे अंश आणि वर चार,
मधे एक क्षण असा ठेवला
की जाणारा अजून उंबऱ्यातच आहे
आणि येणाऱ्यानं आत पाऊल टाकलंय.
जाणाऱ्या धुराची शेपटी धरून
ताजी हवा आत शिरायची,
पण सहा हजार फेऱ्यांवर. त्याखाली
ते इंजिन म्हणजे नुसती उचकी.
सिग्नलला थांबलं की काचा वाजायच्या
आणि तुझी आई शेजारच्या सीटवर
अंड्यांचा ट्रे मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

आता तुझं बघू.

तुमच्या तळ्याकाठची धुराची साउना आठवते ना?
तिला धुरांडं नाही,
एक दार आणि भिंतीत एक झडप, बस.
वारा सरळ असला तर दोन्ही उघडी टाकावीत,
धूर मुकाट निघून जातो.
वारा फिरला की त्याच झडपेतून
तोच धूर घरी परत.
डोळे चोळत, बर्फात उघडेवाघडे
पळालेला होतात तुम्ही बापलेक. मी पाहिलंय.

टर्बो त्या झडपेबाहेर उभा असतो.
जाणाऱ्या धुराकडून आधी जातं ओढून घेतो,
फुकट नाही सोडत कुणाला.
बाहेर दाब तुंबतो. तेव्हा दोन्ही दारं
एकदम उघडी राहिली
तर जळलेलंच पुन्हा आत येणार.
आणि एकदा जळलेलं दुसऱ्यांदा जळत नाही, पोरा,
नुसती जागा अडवतं.

हो, हो, मोठे टर्बो निघालेत आता,
तुंबत नाहीत, त्यांना थोडं चालतं. चालत असेल.
तुझा मी पाहिलाय. भंगारातल्या साबचा,
मुठीएवढा.

तुला हवा तो लोब कमी हावरा.
दोनशे साठच्या आसपास अंश. उचल बेताची.
दोन टोकांमधलं अंतर एकशे चौदा.
ताउनोचं एकशे सहा होतं.
आठ अंश म्हणजे किती?
या दांड्यावर मोजलं तर मोहरीएवढं.
त्याला मागावी लागायची म्हणून दार उघडं हवं होतं.
तुला ढकलून भरवणारा आहे,
तू वेळेवर मिटून घे.

मग हाच घासून द्या, म्हणालास,
कपाकडे बघत.

देता येईल. लोखंड काढता येतं, घालता येत नाही.
गुरुवारी ये, सांगते.

तू गेलास. टेललाइट बर्चांमागे लाल, मग नाही.
मी तो दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला,
डायलची सुई टेकवली, हातानं फिरवला.
सुई चढली, वर जराशी रेंगाळली, उतरली.
चढली. उतरली.
सातव्यापर्यंत स्वच्छ.
आठव्यावर, उतरताना,
पाच शतांश मिलिमीटर अडखळली.
परत फिरवला.

चाकाचं बटण मी दाबलं नाही.
रॅकवर कोरे दांडे आहेत तीन.
उद्या बघू.